तळ्याएवढा करा

श्रीवाटनाथ महाराज बोरधारेस आले ते चैत्र संपता संपता. महाराजांना कुठे मठ नव्हता की गादी नव्हती. जन्मभर ते वाटेवरच राहिले, म्हणून लोकांनीच त्यांना वाटनाथ हे नाव दिले. बोरधार म्हणजे उघड्या माळावरचे शंभर उंबऱ्यांचे गाव. भर उन्हात चालत आलेले महाराज महादेवाच्या देवळापुढच्या पिंपरणीखाली टेकले आणि पहिला शब्द बोलले तो असा, "दमलो बुवा."

भाविकहो, संतसुद्धा दमतात! देह धारण केला की त्याचे भोग आलेच. आणि त्या वर्षी बोरधारेत दमला नव्हता असा जीव कुणी उरलाच नव्हता.

अवर्षणाचे ते तिसरे वर्ष. गावामागचा डोंगर एके काळी धावडा-खैराने भरलेला होता म्हणतात. कोळशासाठी, घरांसाठी, कुंभारांच्या आव्यांसाठी तो तोडता तोडता पार बोडका झाला. झाडे गेली तशी माती सुटली. दर पावसाळ्यात ती ओढ्यावाटे खाली आली आणि वाडवडिलांनी बांधलेल्या तळ्यात बसली. वर शेतांतून खडक उघडे पडले, खाली तळे गाळाने भरले. शेवटी पाणी राहायला जागाच उरली नाही. गावचा एक आड तेवढा जिता होता. त्यातून घरामागे रोज दोन घागरी, तेही पाळीपाळीने. बाया आडावर भांडत नसत. भांडायलाही अंगात जोर लागतो.

या गावात गेनू कुंभार राहत असे. साठीला आलेला, कमरेत वाकलेला. पंचेचाळीस वर्षे माती तुडवून त्याच्या टाचांना पडलेल्या भेगांत बोट जाईल, अशी स्थिती. घरात तो आणि त्याची बायको तान्हाई, एवढीच दोघे. तान्हाईचे गुडघे धरलेले. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जायचे तरी तिला भिंतीचा आधार लागे. गेनू तसा कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. चाकापुढे बसला की ओठांत नामस्मरण चाले, आणि गिऱ्हाईक आले तर तेवढ्यापुरते थांबे.

गेनूवर गावाचे एक मोठे काम असे. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रत्येक घरात नवा करा लागे. त्या मातीच्या कऱ्यात पाणी भरून ते पितरांच्या नावे द्यायचे, मगच घरच्यांनी जेवायचे. वर्षभर कुंभाराकडे न फिरकणारा माणूससुद्धा आखितीच्या आधी त्याच्या दारात येई. या कऱ्यांसाठी गेनू दर वर्षी तळ्याच्या काठची निळसर चिकण माती काढून, चाळून, अंगणात तिचा ढीग करून ठेवी. त्याच्या बापानेही हेच केले, आज्यानेही हेच केले.

आता दाजीबाची गोष्ट सांगायला हवी. दाजीबा हा गावचा पाणाड्या. उंबराची बेचकी काठी हातात धरून तो माळावरून चालू लागला की जिथे काठी झुके तिथे विहिरीला पाणी लागे. आसपासच्या बारा गावांत त्याने चाळीस विहिरी दाखवल्या होत्या. त्या चाळिसांपैकी एकही कोरडी निघाली नव्हती, हे खरे. पण माणसाला एकदा 'चुकलो' म्हणायची सवय मोडली की पुढे फार जड जाते.

फाल्गुनात गावाने तळ्यातला गाळ काढायला घेतला. काम शहाणपणाचेच होते. महिनाभर बायाबापड्यांनी पाट्या वाहिल्या, काळा गाळ शेतांत नेऊन टाकला. खणता खणता खाली निळी माती लागली. ती पाहताच गेनूने पाटी खाली ठेवली.

"बास करा आता," तो म्हणाला. "ह्याच्या खाली जाऊ नगा. ही चिकण माती तळ्याची बैठक हाय. पाणी हिच्यावर टिकतंया."

दाजीबा काठी घेऊन तळ्यात फिरत होता. काठालगत एका जागी काठी झुकली, तसा तो ओरडला, "इथं! इथं खाली जिता झरा हाय! फोडा ही माती!"

"दाजीबा, ऐका माझं. मडक्याचं बूड फोडून पानी मिळत न्हाई."

"गेन्या, तू गाढवं राख," दाजीबा हसत म्हणाला. "पान्याचं मला सांगतोस व्हय? चाळीस हिरी बोलत्यात माझ्या!"

लोक खो खो हसले. तहानलेल्या माणसाला झऱ्याचे नाव पुरते. त्यांनी निळी माती फोडली. चाळीस हात लांब, तीस हात रुंद खड्डा झाला. खाली मुरूम लागला. मुरमाला थोडी ओल होती, ती दोन दिवसांत सुकली. झरा काही आला नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लोक पाहतात तो तळ्याच्या कोपऱ्यात गुरांपुरते जे डबके शिल्लक होते, तेही त्या मुरमातून झिरपून नाहीसे झालेले! गुरे कोरड्या चिखलात तोंड खुपसून उभी होती.

गेनू एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते, असे त्याला पुढे वाटत राहिले. दाजीबाने मात्र तोंड उघडले, "पाट्या चालू असताना ह्या कुंभारानं अपशकुन केला, म्हणून झरा फिरला."

मग गाव बसले आणि ठरले, की आखितीला पितरांना शेवटचे पाणी द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडायचे. खाली नदीकाठच्या मुलखात जायचे, मिळेल ते काम करायचे. तळ्याला बूडच उरले नाही, मग उद्या पाऊस आला तरी तो राहणार कुठे? सगळ्यांनी माना हलवल्या. चार दिवसांची पायी वाट होती. तान्हाई चार पावले चालू शकत नव्हती. तिच्याबद्दल कुणी बोलले नाही. गेनूनेही विचारले नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक होते.

अशा वेळी महाराज गावात आले. आखितीला चार दिवस राहिले होते.

गावाने त्यांचा भोपळ्याचा तुंबा भरून पाणी दिले, तेवढे दिले हेच पुष्कळ. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज स्वतः उठून कुंभारवाड्यात आले आणि गेनूच्या ओट्यावर बसले. तान्हाईला काय करावे सुचेना. साधू दारी आले आणि पाय धुवायला घरात पाणी नाही! ती भिंत धरधरून आली, खाली बसली आणि आपल्या पदराने तिने महाराजांच्या पायांवरची धूळ पुसली. पुसताना तिच्या लक्षात आले, की डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. किती चालले असतील हे पाय, असे तिच्या मनात आले आणि तिचे डोळे भरले.

"रडू नकोस, माय," महाराज म्हणाले. "पाय धुतल्यासारखेच झाले."

गेनू हात जोडून उभा होता. महिनाभर मनात दाबलेले त्याच्या तोंडातून बाहेर आले.

"म्हाराज, एक इचारू? अंगणात ही निळी माती हाय. आखितीच्या कऱ्यांची. तळ्याचं बूड हिनं लिंपता यील असं मला वाटतंया. पर माती थोडी, खड्डा लई मोठा. आन् ही माती तिथं घातली तर गावाला करं कुठनं देऊ? पितर तान्हेलं ऱ्हातील. आमच्या आव्यानं बी डोंगराची झाडं खाल्ल्यात म्हाराज, म्या नुसता दुसऱ्याकडं बोट कसं दावू? आता आनिक पितरांचं पाप नको वाटतंया."

महाराजांनी मातीच्या ढिगाकडे पाहिले.

"तुझा आजा पाणी कुठलं प्यायचा रे?"

"ह्याच तळ्याचं जी."

"आणि त्याचा आजा?"

"त्यानंच तर बांधायला हात लावला म्हनत्यात."

"मग त्यांना पाणी द्यायचंच आहे," महाराज म्हणाले. "करा लहान घडवायचा की मोठा, ते कुंभारानं ठरवायचं. मी काय सांगू?"

एवढे बोलून महाराज उठले. जाताना आपला तुंबा त्यांनी ओट्यावर ठेवला. म्हणाले, "माती भिजवायला होईल." त्यांच्या वाट्याचे दिवसाचे सगळे पाणी त्यात होते. पुढे पिंपरणीखाली जाऊन बसले ते बसलेच.

गेनूने त्याच दिवशी गाढवाच्या पाठीवर गोण्या टाकल्या. ढीग होता बारा गोण्यांचा. खड्ड्याला शंभर लागल्या असत्या, हे न समजायला तो काही खुळा नव्हता. तरी तो गेला. गोणी रिकामी करायची, माती पसरायची, घागरभर पाणी शिंपडायचे आणि पायांनी तुडवायची. मग लाकडी चोपण्याने चोपून चोपून मुरमावर बसवायची. दोन घागरींतली एक चिखलाला जाई. उरलेल्या एकीत दोघांचे जेवण, पिणे आणि गाढवाचा घोट. तान्हाई म्हणे, "मला तान कमी लागती आताशा." चाळीस वर्षांच्या संसारात ती एवढेच एक खोटे बोलली असेल.

गावाला कळले तेव्हा माणसे चिडली. चिडणारच! पिण्याचे पाणी चिखलात, आणि कऱ्यांची माती खड्ड्यात! दोघे-तिघे बांधावर येऊन बोलून गेले. दाजीबा तर रोज येई. बांधावर उकिडवा बसून मोठ्याने म्हणे, "या रं या, बघा! गेनू कुंभार आभाळाला ठिगळ लावतोय!"

"आभाळाला न्हवं दाजीबा," गेनू एकदा म्हणाला, "भुईला लावतोय." आणि पुन्हा तुडवू लागला. त्यालाच आपल्या बोलण्याचे आश्चर्य वाटले.

"आरं, चाळीस हिरीवाला मी म्हनतोय न्हवं, की जमायचं न्हाई म्हनून!"

दाजीबा रोज का येत असे, हे त्याला कुणी विचारले नाही. ज्याच्या हातून बूड फुटते त्याचा पाय तिथेच ओढतो. पण ते कबूल करण्याऐवजी हसणे त्याला सोपे जात होते.

तीन दिवस झाले. आखितीची सकाळ उजाडली. गेनूने शेवटची गोणी भरली. अंगणातली भुई उघडी पडली. तान्हाईने खाली सांडलेली मूठभर मातीसुद्धा गोळा करून गोणीत टाकली. तळ्यात गेल्यावर गेनूने पाहिले, तर तीन दिवसांच्या मेहनतीने खड्ड्याचा एक कोपरा तेवढा झाकला होता. बाकी सगळा मुरूम उन्हात तापलेला. त्याने शेवटची माती पसरली. महाराजांच्या तुंब्यातले पाणी त्याने आखितीसाठी राखून ठेवले होते, ते त्या मातीवर ओतले आणि तुडवायला पाय उचलला. पाय उठेना.

"पांडुरंगा," तो म्हणाला, "म्या दमलो. आता न्हाई व्हत माझ्याच्यानं. हा एवढाच करा झाला. अर्धाच हाय, घे."

आणि तिथेच बांधाच्या सावलीत तो आडवा झाला. डोक्याखाली चोपणे घेतले. टळटळीत दुपार होती. घराघरांत दारे लोटलेली, बांधावर चिटपाखरू नाही.

झोप लागली की गुंगी आली, त्याचे त्याला कळले नाही. पण कानावर एक आवाज येत राहिला. ओल्या मातीत पाऊल रुतते आणि सुटते, तो आवाज. कुंभाराच्या लेकराला हा आवाज पाळण्यातच ओळखीचा होतो. एका लयीत, न थांबता. गेनूला वाटले, बाप माती तुडवतोय, आपण लहान आहोत, आपल्याला उठायचे कारण नाही. किती वर्षांनी त्याला असे वाटले! तो निजून राहिला.

जागा झाला तेव्हा उन्हे कलली होती. तो उठून बसला आणि पाहतच राहिला. चाळीस हात लांब, तीस हात रुंद खड्डा या काठापासून त्या काठापर्यंत निळ्या मातीने भरला होता. माती ओली होती, चकाकत होती. तिच्यावर एकाच माणसाची पावले होती, शेकडो, एकाला एक लागून, जशी मुरलेला कुंभार तुडवतो तशी. गेनू वाकला. डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. त्या पायावरची धूळ त्याच्याच घरातल्या पदराने पुसली होती. तान्हाईने त्याला ते सांगितले होते.

तो तसाच धडपडत घरी गेला. अंगणात तान्हाई बसली होती आणि तिच्यापुढे निळ्या मातीचा ढीग होता. बारा गोण्यांचा, सकाळपर्यंत नव्हता तेवढा!

"आवं, तुमी शेवटची गोनी नेली तवा हितं भुई दिसत हुती," ती म्हणाली. "माझा डोळा लागला, आन् उठून बघती तर हे."

मग तान्हाई रडू लागली, आणि या वेळी गेनूने तिला रडू दिले.

त्याच वेळी ओढ्याकडून ओरडा झाला. बोरधारेत थेंब पडला नव्हता, आभाळ कोरडे होते. पण वर, तीन कोसांवर, डोंगरापलीकडे वळीव कोसळला होता, आणि ओढ्याला लोंढा आला होता! काटक्या, पाला, लाल माती घेऊन पाणी वळणावरून खाली उतरले आणि तळ्यात शिरले. सारा गाव बांधावर जमला. पण कुणी नाचले नाही. तळ्याला बूड नाही, हे ज्याला त्याला ठाऊक होते. पाणी भोवऱ्यासारखे फिरून मुरमात जाईल, ते बघायलाच जणू सगळे उभे होते.

"जानार," दाजीबा म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "रातीत जानार हे." आणि पाण्याच्या कडेला, जिथवर पाणी चढले होते तिथे, त्याने आपली उंबराची काठी रोवली. "सकाळच्याला बघा काठी आन् पान्यात किती अंतर पडतंया ते."

गेनू पुढे झाला. करे नव्हते. त्याने वाकून ओंजळीत पाणी घेतले, बापाचे नाव घेतले, आज्याचे घेतले आणि ओंजळ तळ्यातच सोडली. मग एक म्हातारी उतरली, तिच्यामागे आणखी दोघे, आणि बघता बघता सगळे गाव गुडघाभर पाण्यात उभे राहून पितरांना ओंजळी देऊ लागले. त्या वर्षी बोरधारेच्या पितरांनी एकाच कऱ्यातून पाणी घेतले.

सकाळी माणसांची बोचकी बांधलेली होती. ती खांद्याला लावूनच लोक बांधावर आले. दाजीबा त्यांच्या आधीच तिथे होता. काठी जिथे रोवली होती तिथेच पाणी होते. बोटभरसुद्धा खाली गेले नव्हते. गढूळपणा बसून वरचे पाणी निवळू लागले होते, आणि काठावर जिथे माती उघडी होती तिथे ती पावले अजून दिसत होती. बोचकी हळूहळू खाली ठेवली गेली. आनंदाने ओरडण्याइतकी ताकद कुणात नव्हती. माणसे नुसती खाली बसली.

दाजीबाने ती पावले पाहिली. गेनूचे पाय त्याला ठाऊक होते, रुंद आणि भेगाळलेले. हे पाय ते नव्हते. त्याने काठी उपटली आणि तडक देवळाकडे निघाला. मागोमाग सगळा गाव.

महाराज पिंपरणीखाली बसले होते. देवळाचा गुरव पुढे येऊन म्हणाला, "काय झालं? चार दिस झालं, म्हाराज हितनं उठल्यालं न्हाईत. माझ्या डोळ्यांपुढं हैत."

दाजीबाने काठी महाराजांपुढे ठेवली.

"म्हाराज," शेवटी तो म्हणाला, "चुकलो. बूड म्या फोडलं. गेनू सांगत हुता. म्या हसलो."

"पाणी खाली शोधतोस, दाजीबा, ते चांगलंच करतोस," महाराज म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता आणि माया होती. "बारा गावांची तहान भागवलीस. पण वरून येतं ते धरून ठेवणारा हात त्याहून लहान नसतो रे. जा, डोंगरावरची माती धर आता. दगड रचून बांध घाल. नाहीतर हे तळं पुन्हा भरेल गाळानं, आणि गेनू काही दर वेळी असा दमायला पुरणार नाही."

दाजीबाने खाली वाकून महाराजांच्या पायांवर डोके टेकले. सगळ्यांना दिसत होते, की ते पाय कोरडे आहेत, धुळीने पांढरे झालेले आहेत. चार दिवस त्यांना पाणी लागले नव्हते. दाजीबा पुष्कळ वेळ तसाच होता. मग त्याने मान वर केली.

त्याच्या कपाळावर ओली निळी माती लागली होती.

गुरवाने हात जोडले. गावाने हात जोडले. दाजीबाला मात्र काही कळले नव्हते. लोक असे का पाहतात म्हणून त्याने कपाळाला हात लावला आणि बोटांकडे पाहिले. मग तो उठला, गर्दीतून वाट काढत मागे उभ्या असलेल्या गेनूपाशी गेला आणि भर गावादेखत त्याच्या भेगाळलेल्या पायांवर तेच कपाळ ठेवले.

"आवं, उठा दाजीबा," गेनू गडबडून म्हणाला. "पाय लई दुखत्यात, हात नका लावू."

महाराज हसले. त्याच दुपारी ते उठून वाटेला लागले. त्या पावसाळ्याआधी दाजीबाने डोंगरउतारावर पहिली दगडी ताल, म्हणजे माती अडवणारा बांध, घातली. तिचे दगड रचताना गेनू शेजारी बसून सांगत होता, कुठला कसा बसवायचा ते. तान्हाई आपल्या ओट्यावरच होती. गाव तिला सोडून कुठेही गेले नाही.

ज्यांनी दमलेल्याला निजू दिले आणि त्याचे काम आपल्या पायांनी पुरे केले, त्या श्रीवाटनाथांच्या धुळीने माखलेल्या चरणी आपलेही कपाळ टेको.